पाटावर बसवलेलं यंत्र

महाडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही कारखान्यात जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पंप वायब्रेशन मारतोय." मारतोय म्हणजे किती, कुठे, कुठल्या दिशेला, ते कोणी सांगत नाही. ऑपरेटर हात लावून बघतो आणि मान हलवतो. सुपरवायझर हात लावतो, तोही मान हलवतो. मग दोघं मिळून फाउंडेशनचे बोल्ट आवळतात. तेवढ्याने भागलं नाही की आमच्या ऑफिसात फोन यायचा.

आमचं ऑफिस म्हणजे बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानावरची माडी. सर आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी आम्ही दोघं-तिघं. सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं की खालचा दुकानदार आपला सगळा माल आमच्या माडीवर आणून टाकायचा आणि आम्ही खिळ्यांच्या पोत्यांवर बसून आलेख वाचायचो. सर पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन आलेले. बायकोचं माहेर महाड, म्हणून इथे टेकले. यंत्रांचं कंपन मोजून ते कशामुळे होतंय ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. वीर स्टेशनपासून पोलादपूरपर्यंत हे काम करणारं दुसरं कोणी नव्हतं, निदान तेव्हा तरी.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती, पण चार वर्षांत एकदाही मोटरीच्या कव्हरला हात लावला नव्हता. कंपनाचा विषय आम्हाला होता, त्यात मला चांगले गुणही होते. म्हणजे समीकरण सोडवता यायचं. सरांनी पहिल्याच दिवशी मला एका ब्लोअरपुढे उभं केलं, हातात सेन्सर दिला आणि म्हणाले, "मोज."

मी सेन्सर बेअरिंगवर दाबून धरला. पडद्यावर आकडा नाचायला लागला. एका जागी राहीचना.

"हे कोण थरथरतंय?" सर म्हणाले. "ब्लोअर की तू?"

आजूबाजूचे ऑपरेटर हसले. मला रडू आलं होतं, पण ते घामात खपून गेलं. मग सरांनी शर्टाच्या खिशातून मेणाची डबी काढली. बेअरिंगवरच्या रंगाचा पोपडा खरवडला, जागा पुसली, कणभर मेण बोटाने पसरलं आणि सेन्सर असा चिकटवला की तो त्या बेअरिंगचाच एक भाग झाला. आकडा थांबला.

पुढचं सगळं शिकणं या एका गोष्टीभोवती फिरलं. सरांचं म्हणणं असं की मोजणाऱ्याचं निम्मं काम आकडा येण्याआधी संपलेलं असतं. सेन्सर कुठे बसवला, कशावर बसवला, कसा बसवला. हे आधी लिहायचं आणि मग आकडा. उलटं लिहिलं की ते कागद फाडायचे. माझे कितीतरी आलेख त्यांनी फाडून त्या माडीच्या खिडकीतून खाली टाकले आहेत, आणि खालचा दुकानदार त्यात खिळे बांधून द्यायचा.

एक धडा मला फार आवडायचा. करवतीचं पातं शेगड्यात, म्हणजे टेबलाला लावलेल्या व्हाइसमध्ये, घट्ट धरायचं, मोकळ्या टोकाला टिचकी मारायची आणि ते स्वतःहून कुठल्या गतीने थरथरतं ते मोजायचं. मी मोजलं, लिहिलं. सर म्हणाले, पुन्हा मोज. दुसऱ्यांदा वेगळंच आलं. मी पात्याला दोष दिला. पातं बदललं, तरी तेच. मग कळलं की माझी पाठ वळल्यावर त्यांनी शेगडा जरासा सैल केला होता. "पातं तेच आहे गं," ते म्हणाले, "धरलंय कसं ते बघायला कोण शिकवणार तुला?" सुट्टीला घरी गेले की मी जात्याखाली पातं दाबून टिचक्या मारत बसायची. आई म्हणायची, "एवढा शिकून ह्याच करतेस काय गो?"

आणखी एक धडा. एकच मोटर, एकच जागा. तिथे सेन्सर आधी स्क्रूने बसवायचा, मग मेणाने, मग चुंबकाने, मग नुसता हाताने धरून. प्रत्येक वेळी आलेख काढायचा आणि चारही शेजारी ठेवायचे. चारही वेगळे. शेवटी सरांनी टेबल पुसायचं फडकं घेतलं, घडी करून मोटरीवर ठेवलं आणि त्यावर सेन्सर. आलेखातली सगळी उंच टोकं गायब झाली. सर हसत म्हणाले, "बघ, मोटर बरी झाली. फडक्याने बेअरिंग दुरुस्त केलं."

खोटं कशाला बोलू, ते दिवस माझे सुखाचे होते. मला पहिल्यांदा वाटत होतं की आपल्याला काहीतरी येतंय, आणि ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

आमच्या वाडीच्या वर, डोंगराच्या खांद्याला दगडाची खाण सुरू झाली तेव्हा मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं. रस्त्यांची कामं निघालेली, सगळ्यांना खडी हवी. दुपारी शिट्टी वाजायची, रस्त्यावर कोणीतरी लाल फडकं घेऊन उभा राहायचा आणि सुरुंग उडायचे. फळीवरची भांडी वाजायची. आईच्या स्वयंपाकघराची मागची भिंत मातीत रचलेल्या दगडांची. तिला खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग गेली. आई ती माती-शेणाने लिंपायची. आठवड्याने भेग पुन्हा तिथेच, थोडी लांब. वाडीतलं एकही घर भेगेशिवाय राहिलं नाही. भेगेचं दुःख एक वेळ सोसवतं. पण आमची घरं उतारावर आहेत. पावसात त्या भेगेतून पाणी आत शिरलं तर मागची भिंत आणि भिंतीमागचा डोंगर, दोन्ही माणसांच्या अंगावर येतात, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

खाणीचा मॅनेजर म्हणायचा, जुनी घरं आपोआप तडकतात. वाडीने अर्ज केला, मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाने अर्ज केला. शेवटी पोलादपूरच्या तहसीलदार साहेबांनी सांगितलं की तज्ज्ञाकडून हादरा मोजून घ्या. मर्यादेच्या वर निघाला तर वाडीच्या बाजूचे सुरुंग बंद आणि घरांची दुरुस्ती खाणीने करायची. मर्यादेच्या आत निघाला तर तक्रार निकाली. मोजणी कोणाच्या घरात? सगळ्यांत जवळचं घर आमचं. म्हणजे अख्ख्या वाडीचं काय व्हायचं ते आईच्या घरावर ठरणार होतं.

तज्ज्ञ कोण, यावरून गावकीची बैठक झाली. खाणवाले पुण्याचं कोणीतरी सुचवत होते. वाडीला ते नको होतं. माझे थोरले काका, बाबा गेल्यापासून घरातलं सगळं तेच बघतात, ते उठले आणि म्हणाले, "आपल्या पोरीचे सर हायेत की महाडला. पोरीला शिकवलान त्यांनी. ते काय आपल्या वायटावर उठतील?" सगळ्यांनी माना डोलावल्या. वाडीत गुरू म्हणजे गुरू. ज्याने आपल्या घरच्या लेकराला विद्या दिली तो आपला माणूस, याच्या पलीकडे कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही. खाणवाल्यांनीही लगेच होकार दिला. इतका लगेच, की तिथेच कोणाच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. वसाहतीतल्या निम्म्या कारखान्यांत त्या खाणवाल्यांचे ठेके आहेत आणि सरांची निम्मी कामं त्याच कारखान्यांतून येतात, हे मला माहीत होतं. पण माझ्याही मनात सरांबद्दल तसलं काही आलं नाही.

मी सरांना म्हटलं, मीही येते. ते म्हणाले, "नाही. स्वतःच्या घराचं मोजमाप स्वतः करायचं नसतं. उद्या कोणी बोट दाखवेल." ते मला पटलं. इतकं पटलं की मला त्यांचा अभिमानच वाटला.

जमिनीचा हादरा मोजायचं यंत्र लहानसंच असतं, एखाद्या डब्याएवढं. त्याच्या बुडाला तीन टोकदार खिळे असतात. घराच्या जोत्यालगत जमिनीत ते खिळे रोवायचे, म्हणजे जमीन हलली की यंत्र तिच्याबरोबर हलतं. फरशी असेल तर प्लॅस्टरने चिकटवायचं. बस, एवढंच.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आवाजात सण होता.

"सर आले व्हते गो. लय साधा मानूस. वालाचं बिरडं केलंवतं, भाकऱ्या, घावन. पोटभर जेवले."

"मोजलं का? यंत्र कुठे ठेवलं?"

"अंगणात खिळे घालून ठेवत व्हते. मी म्हटलं, सर, थांबा. सकाळीच सारवलेला अंगण, आनी एवढी मोलाची वस्तू, ती भुईवर ठेवू देईन, मी काय येडी हाय? मग पाट आणला. पाट डगडगायला लागला, म्हणून खाली घोंगडी घातली, चार घड्या करून. मग कसा झ्याक बसला. हळदकुंकू पण वाहिलं."

दसऱ्याला ती माझ्या लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहते. आमच्याकडे पाहुणा घरी आला की आधी घोंगडी अंथरतात आणि मग पाणी विचारतात. पाहुण्याची पिशवीसुद्धा कोणी भुईला टेकू देत नाही. आईने जे केलं ते वाडीतल्या कुठल्याही बाईने केलं असतं.

"मग सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणतील? हसले. म्हणाले, राहू द्या वहिनी, छान बसलंय."

फोन ठेवला आणि मी मनाशी हिशेब मांडला. घोंगडीने आकडा कमीही होतो, कधी कधी वाढूही शकतो, ते हादऱ्याच्या गतीवर अवलंबून असतं. खात्रीने सांगता येतं ते एवढंच की तो आकडा घराचा नसतो, घोंगडीचा असतो. आणि खाण इतकी जवळ असताना सुरुंगाचा हादरा कडक, झटक्याचा असतो. तसला हादरा लोकर गिळून टाकते. शिकाऊ माणसालाही कळेल अशी ही गोष्ट. मला शिकाऊ असतानाच कळली होती, कारण फडक्याची घडी मला कोणी घालून दाखवली होती ते मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर माडीवर केबल गुंडाळत बसले होते. मी विचारलं, "सर, यंत्र घोंगडीवर होतं?"

"पाटावर होतं."

"आणि पाट?"

ते केबल गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईने एवढ्या मायेने मांडलं होतं. उचलून बाजूला ठेवलं असतं तर बरं दिसलं असतं का? तिला किती वाईट वाटलं असतं."

"तुम्ही माझे आलेख फाडलेत सर. चुंबकाखाली रंगाचा पोपडा राहिला म्हणून."

"ते शिकवणं होतं."

"आणि हे?"

"हे काम आहे," सर म्हणाले. रागाने नाही, अगदी शांतपणे, एखादी तांत्रिक गोष्ट समजावून सांगावी तसे. "तू अजून लहान आहेस. वसाहतीतली दारं बंद झाली तर हे ऑफिस चालणार नाही. तुझा पगारही इथूनच निघतो."

मी म्हटलं, पुन्हा मोजा. ते म्हणाले, मोजलं आहे, अहवाल गेला आहे, हादरा मर्यादेच्या आत आहे. मी त्याच दिवशी नोकरी सोडून ती माडी उतरले. राग इतका होता की राहिलेला पगारही मागितला नाही. आजही तो राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पोलादपूरला साहेबांकडे मी अर्ज दिला: यंत्र जमिनीत रोवलेलं नव्हतं, मोजणी पुन्हा व्हावी. साहेबांनी सुनावणी लावली आणि आईलाही बोलावलं. जाण्याआधी मी आईला सगळं समजावून सांगितलं. करवतीचं पातं, मेण, फडकं, सगळं. ती ऐकत होती आणि शेंगा सोलत होती.

"अगो, सुरुंगानं फळीवरची भांडी पडतात," ती म्हणाली, "तिथं एक घोंगडी काय करील?"

"करते आई. साहेब विचारतील घोंगडी कोणी घातली. जे खरं ते सांग."

"सांगीन की. चोरी केलीय काय मी?"

सुनावणीला साहेबांच्या टेबलासमोर एका बाजूला आई, थोरले काका आणि मी. दुसऱ्या बाजूला खाणीचा मॅनेजर आणि सर. दारात वाडीतली माणसं. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि सरांना बघून तिने हात जोडले. सरांनीही जोडले.

साहेबांनी विचारलं, "यंत्राखाली घोंगडी कोणी घातली?"

"मी घातली," आई म्हणाली. "पाट पण माजाच." तिच्या आवाजात अजून घरधनिणीची ऐट होती.

मॅनेजर लगेच उठला. "साहेब, बघा. तक्रारदाराने स्वतःच्या हाताने यंत्राखाली घोंगडी घातली. आता तिचीच मुलगी सांगते की घोंगडीमुळे आकडा चुकला. उद्या पुन्हा मोजलं आणि पुन्हा कमी निघालं, तर परवा म्हणतील उशी होती." दारातली दोन-तीन माणसं हसली. आमच्याच वाडीतली.

साहेब सरांकडे वळले. "घोंगडीने फरक पडतो का?"

"पडू शकतो," सर म्हणाले. "किती पडला असेल ते आता सांगता येणार नाही."

यातला शब्दन् शब्द बरोबर होता. परीक्षेत मी हेच उत्तर लिहिलं असतं. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

"मग तुम्ही ती काढायला का नाही सांगितली?" साहेबांनी हा प्रश्न विचारला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. क्षणभर मला वाटलं, सुटलो.

सर म्हणाले, "घरच्यांची श्रद्धा होती साहेब. त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं. आपण काय बोलणार?"

साहेबांनी मान डोलावली. श्रद्धा म्हटल्यावर पुढे बोलायचं नसतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी उठून बोलायला लागले. खिळे का असतात, लोकर काय करते, मोजणीच्या आधी काय लिहायचं असतं. मॅनेजर म्हणाला, "ताई, तुम्ही घरच्याच ना? शिकलात कोणाकडे? ह्यांच्याचकडे ना? मग?" साहेबांनी घड्याळ बघितलं. तक्रारदाराच्याच हस्तक्षेपामुळे फेरमोजणीचं कारण उरत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुढचं प्रकरण मागवलं.

बाहेरच्या व्हरांड्यात आई थांबली होती. आत सगळं ऐकलं तेव्हा तिला कळलं होतं की घोंगडी खरोखरच काहीतरी करते. सर बाहेर आले तशी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. भांडायला नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"सर, तुम्हाला म्हायत व्हतं?"

सरांनी हातातली फाइल दुसऱ्या हातात घेतली.

"मग एक शबुद टाकायचा व्हतात. मी उचलली असती की घोंगडी. मला काय, एका हाताचं काम."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "वहिनी, बिरडं फार सुरेख झालं होतं त्या दिवशी." आणि जिना उतरून खाणीच्या जीपमध्ये बसले. मला वाटतं, त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि त्यांच्याकडे तेवढंच शिल्लक होतं. पण हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्या चष्म्यासकट त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं होतं.

वाडीकडे जाणाऱ्या गाडीत कोणी आमच्याशी बोललं नाही. दोन दिवसांनी बोलायला लागले, ते न बोलते तर बरं होतं. हिच्या घोंगडीनं घात केला. मोठी पाव्हणचार करणारी. घर तिचं एकटीचं काय, वाडी बुडवलीन. सरांना कोणी नाव ठेवलं नाही. सर शिकलेले, यंत्रवाले. खाणवाल्यांनाही नाही, कारण खाणीवर वाडीतली पोरं कामाला होती. राहिली माझी आई. ज्या थोरल्या काकांनी सरांचं नाव सुचवलं होतं, तेही पारावर बसून तिच्याच नावाने बोटं मोडायचे. मी त्यांना जाऊन विचारलं तर म्हणाले, "मी मानूस बरोबर सांगितला व्हता. घोंगडी मी नाय घातली."

मी दारोदार जाऊन समजावलं. चूल, जातं, पाट, जे हाताशी सापडेल ते वापरून. लोक ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे. मी निघाले की मागे तेच. इतकी वर्षं शिकून मी मोटरींना बोलतं केलं, पण स्वतःच्या वाडीला एक साधी गोष्ट पटवता आली नाही. याची मला लाज नाही वाटत, चीड येते.

सुरुंग पुन्हा सुरू झाले. पावसाळा तोंडावर आला तेव्हा भेगेत माझी बोटं शिरायला लागली. मुंबईहून भाऊ आला, त्याने मागच्या बाजूची कौलं उतरवली आणि आई माझ्याकडे महाडला खोलीवर राहायला येणार असं ठरलं. वाडीतल्या आणखी काही घरांनीही सामान हलवायला घेतलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई दिसेना. शोधत गेले तर ती एकेका घराच्या उंबऱ्याशी उभी राहून पुढच्या घरी जात होती. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ती हात जोडून म्हणत होती, "माज्यामुळे झाला. पोटात घाला." घरातली बाई खाली बघत होती. नाही म्हणत नव्हती.

मी तिला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. "तू कोणाचीही माफी मागायची नाहीस. चूक तुझी नव्हती, आई. सरांची होती. त्यांना माहीत होतं."

"ते तर म्हणाले, सांगता येनार नाय."

"ते खोटं… ते खोटं नव्हतं, पण…" मी तिचा दंड आणखी घट्ट धरला. "माझं ऐक. मला येतं ते. मी शिकलेय."

आईने माझा हात सोडवून घेतला. चिडली नव्हती, दमली होती.

"तू शिकलीस त्यांच्याकडंच. दोघांनाबी सारखंच येतं," ती म्हणाली. "एक म्हनतो असं, एक म्हनते तसं. मग वाडीनं कुनाचं खरं मानायचं गो?"

माझं मान, मी तुझी मुलगी आहे, एवढंच मला म्हणता आलं असतं. पण मी तिची मुलगी आहे हे तर खाणीच्या मॅनेजरनेही म्हटलं होतं, आणि त्यावरच माझं बोलणं खोडून काढलं होतं. आई पुढच्या घराकडे वळली आणि मी तिला अडवलं नाही.